दुर्गीचा नंबर

मुर्री (गोंदिया)
२१ नोव्हेंबर २०२१

प्रिय भाची चेतना,

मामाचा नमस्कार. आपल्या रिवाजानं भाचीच्या पाया पडतो.

तू म्हनशील, मामाजी, फोनच्या जमान्यात कागद काळा काऊन करून राहिले? तं आयक. फोनवर मले नुसता घुंगाट आयकू येते. राइस मिलात धान कांडनाऱ्या हलरजवळ आख्खी जवानी गेली, कान तिथंच ठेवून आलो, आता मानसाचे ओठ पाहून समजून घेतो. आन त्या व्हॉट्सअपचं काय सांगू? फोन सुनेच्या हातात. तू लिहिलेलं आधी नीतू वाचते, मंग माजा पोरगा उमेंद्र, मंग शेजारीन, आन उरलंसुरलं मले. म्हनून कागदच बरा. तू बी कागदावरच लिहीजो.

तू शिबिराच्या दुसऱ्या दिवशी पुन्याले निघून गेली, मागं काय झालं ते सांगतो. लेकरं झोपवून, डोक्शाले वायरी लावून तपासनी झाली. आमच्या दुर्गीले आयकू येत नाही असं निघालं. कवडूच्या दामिनीले बी. दोघी सारख्याच वयाच्या, अजून दोन वरसाच्या बी नाही. नीतूनं जेवन सोडलं. मी म्हनलो, अवो, रडते कायले? आपली भाचीच कानाची डाक्टर हाये, असं नशीब कोनाचं?

मंग तुजा तो प्रफुल्ल कंप्युटर घेऊन बसला. म्हने, अर्ध्या लेकरांले कानाची मशीन आता भेटन, अर्ध्यांले एका वरसानं, आन कोनाले कवा हे कंप्युटर ठरवन. लोक म्हनले, ना बाप्पा, कंप्युटरात कोन बसला हाये कोनाले दिसते? पंचायतीत बरोबरी झाली तं ईश्वरचिठ्ठी काढतात, तशी काढा. गंजात चिठ्ठ्या टाकल्या, अंगनवाडीतल्या एका लहानशा पोट्टीनं काढल्या. दुर्गीचा नंबर पहिल्यात लागला. दामिनीचा मागच्यात.

तं मागून कोनीतरी बोललं. मले आयकू आलं नाही, पन लोकांची तोंडं फिरली म्हनून शेजारच्याले विचारलो. 'डाक्टरनीचा मामा हाये, मंग लागनच ना नंबर,' असं कोनी म्हनलं म्हने. कवडूनं खाली पाह्यलं. पोट्टी कडेवर घेऊन नुसता उभा होता. मले ते लागलं. मी भर सभेत उठलो आन म्हनलो, माज्या नातीचा नंबर दामिनीले द्या, दुर्गीले मागं लावा, एक वरसाचा तं सवाल हाये. प्रफुल्ल नाही-नाही करत होता. मी म्हनलो, तुमच्या म्याडमले मी सांगतो.

साऱ्या गावानं पाह्यलं. आता तुज्या कामावर कोनी बोट ठेवू शकत नाही. बरोबर केलो ना? दोन ओळी लिहीजो.

तुजा मामा,
भैय्यालाल टेंभरे

~

पुणे
८ डिसेंबर २०२१

ती. मामाजी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझा भैय्या पहिल्यापासून असाच, ताटातली पोळी उचलून दुसऱ्याला देणार. तिचे गुडघे दुखतात, बाकी ठीक आहे.

प्रफुल्लने मला सगळं सांगितलं होतं. खरं म्हणजे अशी अदलाबदल नियमात बसत नाही. पण गावाचा विश्वास गेला आणि लोकांनी मुलांची नावं मागे घेतली, तर अख्खा अभ्यासच बुडेल. म्हणून चिठ्ठ्याच तशा निघाल्या असं आम्ही कागदावर धरलं आहे. तुम्ही मोठ्या मनाने केलंत, त्याचा मला उपयोगच झाला.

एक विनंती आहे. संशोधनात नात्यातली माणसं घेतलेली अनुदान देणाऱ्यांना चालत नाहीत. तेव्हा बाहेरचं कुणी आलं-गेलं तर मी तुमची भाची आहे हे बोलू नका. गावातल्यांनाही जरा सांगून ठेवा. चोरी नाही हो ही, पण दिल्लीच्या लोकांना आपली नाती कशी समजावणार?

दुर्गीची काळजी करू नका. एक वर्ष म्हणजे काय, बघता बघता जाईल. नीतूला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
चेतना

~

मुर्री
१६ जानेवारी २०२३

प्रिय भाची,

पाया पडतो. संक्रांतीचा तीळगूळ घे.

वरीस होऊन गेलं, म्हनून लिहून राहिलो. दामिनीच्या कानात मशीन लागली आन पोट्टी बदलूनच गेली. आता 'माय' म्हनते, 'पानी' म्हनते, कोंबडीले 'हाड' म्हनते. हे मले लोक सांगतात, मी तं तिचे ओठ पाहतो. कवडू संध्याकाळी दारात बसते आन कामाधामाचं काही नसताना तिले हाक मारते. पोट्टी वळून पाहते. तो पुन्हा मारते, ते पुन्हा वळते. येनारे-जानारे उभे राहून पाहतात.

आमची दुर्गी माजा सदरा ओढते. भूक लागली तं ओढते, पडली तं ओढते, आभाळात विमान दिसलं तरी ओढते. हुशार हाये व पोट्टी. पन तोंडातून काही नाही.

नीतू माज्याशी बोलत नाही आता. तसंही मले आयकू येत नाही, पन ताट आपटलेलं तं दिसते ना!

उमेंद्र बुटीबोरीच्या कारखान्यातून आला होता. तो म्हनते, आबा, मी नागपुरातून मशीन आनतो, कोनाची वाट पाहाची नाही. मी म्हनलो, थांब, भाचीले विचारल्याबिगर नाही. तं दोन गोठी सरळ सांग. बाहेरून मशीन घेऊ का? आन असं थांबून राहिल्यानं पोरीचं काही बिघडते का? मी सातवी शिकलेला मानूस, मले काही समजत नाही. तू म्हनशील तसं करू.

भैय्यालाल

~

पुणे
३० जानेवारी २०२३

ती. मामाजी,
नमस्कार.

दामिनीची बातमी वाचून फार आनंद झाला. आपल्या कामाचं हे पहिलं फळ आहे.

बाहेरून यंत्र घेऊ नका. दुकानातली यंत्रं कशी असतात, कोण बसवतं, काही नेम नसतो. चुकीचा आवाज कानात गेला तर उलटं व्हायचं. आमची यंत्रं चांगली आहेत आणि बसवणारी माणसंही. शिवाय दुर्गीला बाहेरून यंत्र लागलं तर तिला अभ्यासातून काढावं लागेल, आणि दोन्ही गटांतला फरक अजून पुरेसा स्पष्ट झालेला नाही. थोडी मुदत वाढवून घेतली आहे. सहा-सात महिने फार तर. उमेंद्रला समजावा, तो तुमचं ऐकेल.

प्रत्येक मूल आपापल्या वेगाने शिकतं, हे नीतूला सांगा.

फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीहून अनुदान समितीचे लोक मुर्रीला येणार आहेत. दामिनीला आणि तिच्या आईवडिलांना शाळेत आणायचं काम तुमच्यावर. जेवणाचंही बघाल ना? तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार!

तुमची,
चेतना

~

मुर्री
५ मार्च २०२३

प्रिय भाची,

पाया पडतो. खरं तं मागच्या हप्त्यात भर शाळेत पडलोच, तरी रिवाज हाये म्हनून पुन्हा.

आधी घरची गोठ. तुजं पत्र आलं त्याच दिवशी उमेंद्र नागपुरातून मशीन घेऊन आला होता. दुकानदारानं पाहाले देली होती, आवडली तं ठेवा म्हने. नीतूनं डबी उघडली बी होती. मी तुजं पत्र पुढं केलो. बाप-लेकाचं असं भांडन झालं का शेजारी जमा झाले. उमेंद्र म्हनला, आबा, पोट्टी माजी हाये. मी म्हनलो, भाचीचा शब्द हाये. आपल्यात भाचीले देवासारखं मानतात, तिचा शब्द मोडून मी कोनत्या तोंडानं मरू? दुसऱ्या दिवशी तो मशीन परत करून आला. तवापासून घरी आला नाही.

आता तुज्या पाहुन्यांचं. बायांनी जेवनाले सुवारी आन बडे तळले होते, ते दिल्लीवाले बोटं चाटत होते. दामिनीनं त्यांच्यापुढं 'नमस्ते' म्हनलं, फूल देलं, साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुर्गीनं बी वाजवल्या, सारे वाजवतात म्हनून.

तू गाडीतून उतरली तं मी सवयीनं वाकलो आन तुज्या पायाले हात लावला. तो फोटोवाला धावत आला, 'बाबाजी, एक बार और!' मी आनखी एक डाव वाकलो. त्या दिल्लीच्या बाईच्या डोळ्यात पानी आलं. मले हासू आलं. मनात म्हनलो, हिच्याकडे मामा भाचीच्या पाया पडत नसन काय?

पन चेतना, तू त्यांले सांगली नाही. मले म्हनली, 'बसा, बाबा.' तुले खांद्यावर बसवून मी मंडईच्या जत्रेत फिरवलो, तुले आकाशपाळन्यात बसाचं होतं म्हनून तुज्या बापाशी भांडलो, आन मी 'बाबा'? ठीक हाये. तूच मना केली होती, मी बी तोंड उघडलो नाही. थोडंसं वाईट वाटलं, म्हनून लिहिलो.

दुर्गीची मशीन कवा येते ते कळवजो.

भैय्यालाल

~

पुणे
१२ जानेवारी २०२४

ती. मामाजी,

खूप दिवस पत्र लिहायला जमलं नाही, रागावू नका. तुमची तिन्ही कार्डं मिळाली.

मोठी बातमी आहे. आपल्या मुर्रीच्या कामाला यंदाचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला! श्रवणशास्त्रात एवढा मोठा मान आपल्या भागातल्या कामाला पहिल्यांदाच. पुढच्या आठवड्यात दिल्लीला समारंभ आहे. आई तर गल्लीभर पेढे वाटून आली. समारंभाच्या पुस्तिकेत तुमचा फोटोही आहे, अगदी मुखपृष्ठावर. आई तुम्हाला एक प्रत पाठवणार म्हणतेय. सगळं इंग्रजीत आहे, वाचायचा त्रास घेऊ नका, फोटो तेवढा बघा.

दुर्गीच्या गटाच्या यंत्रांचं काम जरा अडकलं आहे. अनुदानाची मुदत संपली आणि उरलेल्या यंत्रांसाठी नवीन मंजुरी लागते. मी पाठपुरावा करते आहे. आता पुरस्कार मिळाल्यावर कोण नाही म्हणेल?

घाईत,
चेतना

~

मुर्री
१९ फेब्रुवारी २०२४

चेतना,

तुज्या मायनं, पुष्पाबाईनं पाठवलेलं पुस्तक भेटलं. फोटो पाह्यलो. तू नुसता फोटोच पाहा म्हनली होती, पन माज्या जिवाले राहवलं नाही. गजेंद्र गुरुजीकडे गेलो. मले आयकू येत नाही म्हनून गुरुजीनं एकेक ओळ मराठीत लिहून देली. लिहिता लिहिता मधीच थांबले आन माज्या तोंडाकडे पाहाले लागले. मी म्हनलो, लिहा गुरुजी, भेता कायले?

फोटोखाली लिहिलं हाये, 'ऐकू येऊ लागलेल्या मुलीचे आजोबा डॉक्टरांचे आभार मानताना.' कोनाचे आभार? कायचे? मी भाचीच्या पाया पडलो, डाक्टरनीच्या नाही. साऱ्या देशाले दाखवली तू, का एक म्हातारा तुज्या उपकारानं वाकला. आन त्या म्हाताऱ्याची नात त्याच वक्ती मागं भिंतीजवळ मुकी उभी होती, ते फोटोत नाही.

ते बी सोड. फोटोनं मानूस मरत नाही. पन आतमधी जे लिहिलं हाये ते वाचून मी गुरुजीले तीच ओळ पुन्हा लिहाले लावलो. लिहिलं हाये का लहानपनीच, तीन वरसाच्या आत, कानात आवाज गेला तं लेकरू बोलते. त्याच्यानंतर जेवढा उशीर, तेवढं बोलनं कमी. आन गुरुजीनं हे बी लिहून देलं का ही गोठ दुनियेच्या डाक्टरांले आधीपासून माहीत होती, खेड्यात पहिल्यांदा मोजली, म्हनून पुरस्कार.

तुले माहीत होतं.

मी तुले विचारलो होतो. कागदावर विचारलो होतो, थांबल्यानं पोरीचं काही बिघडते का म्हनून. तू काय लिहिली? प्रत्येक मूल आपापल्या वेगानं शिकते! उमेंद्रनं आनलेली मशीन मी माज्या हातानं परत करवली. तीन वरसाची होती तवा दुर्गी. आज चार होऊन गेले.

पुस्तकात दुर्गी बी हाये. गुरुजीनं दाखवलं, दोन रेघा हायेत. एक वर जाते, ते दामिनीची. एक खालीच चालते, ते आमची. आता समजलं मले. दामिनी बोलते हे दाखवाले तुले एक मुकी पोट्टी बाजूले उभी पाहिजे होती. ते मी तुले आयती आनून देलो.

हाव, नंबर मीच देलो. मोठेपना मीच केलो. नीतू म्हनते, तुमच्या इज्जतीनं माज्या पोरीची जीभ खाल्ली. ते मी आयकून घेतो, कारन खरं हाये. पन मले माहीत नव्हतं व. तुले होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनतात ते असं असते.

मशीन धाड. उद्या धाड. बाकी काही लिहू नको.

भैय्यालाल

~

पुणे
१४ मार्च २०२४

मामाजी,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. दाखवू शकले नाही.

तुम्ही मला काहीही बोला, मी ऐकेन. पण माझंही एकदा ऐका. आपल्या देशात किती मुलं बहिरी जन्मतात आणि किती वर्षांनी कुणाच्या लक्षात येतं, तुम्हाला कल्पना नाही. मी किती कचेऱ्यांत गेले, किती साहेबांपुढे बसले. प्रत्येक जण एकच विचारायचा, परदेशातलं सांगू नका, आपल्या खेड्यातलं सिद्ध करून दाखवा, आकडे आणा. आकडे आणायचे तर तुलना लागते. तुलना करायची तर कुणाला तरी थांबावं लागतं. हे मी ठरवलेलं नाही, जगभर असंच चालतं. आज त्या आकड्यांमुळे सरकारदरबारी हालचाल सुरू झाली आहे. उद्या हजारो दुर्गींना वेळेवर यंत्र मिळेल. ते कुणीच मोजणार नाही का?

आणि मी तुम्हाला नंबर द्या म्हटलं नव्हतं. चिठ्ठी दुर्गीच्या बाजूने निघाली होती.

मुदत मी वाढवली, हे खरं आहे. पहिल्या वर्षी फरक दिसत होता, पण समितीला पुरेल इतका नव्हता. तेव्हा सोडून दिलं असतं तर दोन्ही मुलींची वर्षं फुकट गेली असती. तुम्ही सरळ विचारलंत आणि मी सरळ उत्तर दिलं नाही, हेही खरं. मी ते पत्र चारदा लिहून फाडलं होतं. खरं लिहिलं असतं तर तुम्ही थांबला असतात का? नसता थांबलात. म्हणूनच नाही लिहिलं.

यंत्र मला माझ्या खिशातून आजही पाठवता येईल. पण दुर्गी अजून नोंदीत आहे, आणि मी वैयक्तिक यंत्र दिलं असं कळलं तर आपलं नातं उघडं पडेल, पुरस्कारावर प्रश्न येतील, पुढची सगळी अनुदानं थांबतील. थोडं थांबा. मी मार्ग काढते.

चेतना

~

पुणे
१० जून २०२५

ती. मामाजी,

वर्ष झालं, तुमचं एकही पत्र नाही. राखीला आईने राखी पाठवली, तिचीही पोच नाही. उमेंद्रने माझा नंबर बंद करून टाकला आहे. प्रफुल्लकडून कळलं की मध्यंतरी तुम्ही दुर्गीला सरकारी शिबिरातही नेलं होतंत, पण तिथलं यंत्र तिच्या कानाला पुरलं नाही आणि मग बिघडलं. ऐकून वाईट वाटलं.

मी मार्ग काढते म्हटलं होतं, तो निघाला आहे. आम्हाला नवीन अनुदान मिळालं. यावेळचा विषय आहे, उशिरा यंत्र मिळालेल्या मुलांचं पुढे काय होतं. पाच वर्षांच्या वरची, आधी कधी नीट यंत्र न मिळालेली मुलं त्यासाठी हवी आहेत. दुर्गी त्यात तंतोतंत बसते. तिला अगदी चांगल्यातलं यंत्र मिळेल, दर आठवड्याला बोलणं शिकवणारी बाई घरी येईल, दोन वर्षं. यावेळी कुणालाही थांबायचं नाही, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून.

सोबत संमतीपत्र आहे. त्यावर आईवडिलांपैकी एकाची सही लागेल. कृपया नीतूपर्यंत पोचवा. राग माझ्यावर काढा, दुर्गीवर नको.

चेतना

~

मुर्री
२४ ऑगस्ट २०२५

डाक्टर चेतना रहांगडाले यांले,

तुमाले पुन्हा लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहाचं नाहीच असं ठरवलो होतो. पन काम पडलं हाये, म्हनून लिहून राहिलो.

तुमचा कागद आला तवा मी तो चुलीत टाकाले उठलो होतो. आधी नंबर मागं ठेवून पोरीले उशीर करा, मंग उशीर झालेल्या पोरी पाहिजेत म्हनून अनुदान आना! वा रे धंदा! एकाच वावरात दोन पिकं. पन नीतूनं कागद माज्या हातातून हिसकला. तिनं विचारलं, मशीन खरी हाये का खोटी? मी म्हनलो, खरी असन. तं तिनं उभ्या उभ्याच सही केली. मले म्हनली, इज्जत तुमची होती, भाची तुमची होती, पोट्टी माजी हाये. तिचं तोंड माज्यापुढंच होतं, एकेक शब्द समजला. 

जुलैत मशीन बसवली. घरी आनली तं तिकडून मालगाडीनं भोंगा वाजवला. लोक म्हनतात म्हनून सांगतो, वाजवला. दुर्गी अशी दचकली का तिनं नीतूच्या पदरात डोकं घातलं. मंग तिनं मशीन ओरबाडून काढली आन कोंड्याच्या ढिगात फेकली. सारं घर कोंडा चाळत बसलं, तवा भेटली. आता घालते. अंधार पडेपर्यंत घालते, मंग कानाले हात लावून दाखवते, काढा. तिले कोंबडा आरवला तं समजते. भांडं पडलं तं समजते. कोनी बोललं तं समजत नाही, तोंडाकडे पाहत राहते. तिले सारा आवाज सारखाच, भांडं काय आन मानूस काय.

दर बुधवारी तुमची बाई येते. चांगली हाये, तिचा काही दोष नाही. तिच्याजवळ आवाज भरून घेनारं यंत्र असते. पहिल्याच दिवशी तिनं मले पाटीवर लिहून विचारलं, मुख्य डॉक्टर तुमच्या नात्यातल्या आहेत का? तुमचाच प्रश्न दिसते तो. मी म्हनलो, नाही. खोटं बोललो असं मले वाटलं नाही. तुमच्या मनासारखं झालं, आता निवांत राहा.

पुष्पाबाईले सांगजा, तिची राखी भेटली होती. ते माजी बहीन हाये, तिच्यात मी काही मोडलो नाही.

आता कामाचं लिहितो. मागच्या बुधवारी बाई दुर्गीले मानसं ओळखाले शिकवत होती. नीतूकडे बोट दाखवते आन सांगते, म्हन, आई. दुर्गीनं काही म्हनलं नाही. मंग बाईनं माज्याकडे बोट दाखवलं. मी खाटेवर बसून सुपारी फोडत होतो. दुर्गी उठून माज्याजवळ आली, सदऱ्याले हात लावला नाही, समोर उभी राहिली आन तोंड उघडलं. मी तिचे ओठ पाह्यलो. मिटले आन उघडले, एवढं दिसलं. मंग नीतू धावत आली, रडत होती. तिनं माज्या तळहातावर बोटानं लिहिलं, आबा.

तुमच्या बाईनं मान हालवली. तिनं पाटीवर लिहिलं, 'हा शब्द धरता येणार नाही, नुसता आवाज आहे. मी तसंच नोंदवते.' नीतू तिच्याशी भांडली. म्हने, मी माय हाये, मले समजते. बाई म्हने, आईला तसं वाटतंच, म्हणून आम्ही आईचं धरत नाही. दोघी माज्याकडे पाहाले लागल्या, जसा मी निकाल देनार हावो. मले काय आयकू आलं? मले हलर आयकू आला, जो बारा महिने माज्या डोक्शात चालतो.

तवापासून तिनं पुन्हा तसं केलं नाही. मी रोज तिच्यापुढं जाऊन बसतो. ते हासते, सुपारीचा अडकित्ता मागते. तोंड उघडत नाही.

तो आवाज बाईच्या यंत्रात भरलेला हाये आन तो तुमच्याकडे येते असं ते म्हनली. तुमचे कान चांगले हायेत. आयका. तुमच्या पुस्तकात शब्द लिहाचा का आवाज लिहाचा ते तुमचं तुम्ही पाहा, मले त्याच्याशी घेनंदेनं नाही. मले फक्त एवढंच कळवजा, माज्या नातीनं मले हाक मारली का नाही मारली.

भैय्यालाल टेंभरे